हायड्रोटेस्ट प्रोसिजर सारखी परत येत असेल तर

तुमची पोस्ट वाचली. स्टेनलेस टाकीची हायड्रोटेस्ट प्रोसिजर, म्हणजे पाणी भरून टाकी तपासायची लेखी पद्धत, ‘रिव्हाइज अँड रिसबमिट’ होऊन परत येतेय आणि साहेब म्हणतात, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लाव. भोसरीत फॅब्रिकेशनमध्ये असताना हेच भोगलंय, म्हणून राहवलं नाही.

क्लास लावू नका. तुम्हाला बोलायचं नाहीये, लिहायचंय. फॉरमॅट, रिव्हिजन नंबर वगैरे तुम्ही पाहिलंच असणार, ते सोडतो.

आमच्या टेस्टिंगच्या सब-व्हेंडरच्या प्रोसिजरमध्ये ओळ होती: ‘वॉटर शुड बी क्लीन अँड टँक टू बी ड्राइड प्रॉपरली.’ स्टँडर्ड आयएसओचं असो की एएसएमईचं, बंधन येतं ते ‘शल’ने, ‘शुड’ ही नुसती शिफारस. क्लीन म्हणजे किती? वाळवायचं कोणी, कधी? काहीच नाही. त्यांनी बोअरचं पाणी भरलं, तळाला तसंच राहू दिलं, आणि ३०४ ग्रेड स्टेनलेसच्या टाकीला वेल्डजवळ पिटिंग, म्हणजे गंजाचे बारीक खड्डे, निघालं. भांडणात त्यांनी तीच ओळ पुढे केली. कागदावर ते बरोबर होते. पेमेंट आमचं अडकलं.

संताप येतो तो प्रोसिजर तपासणाऱ्या सल्लागार कार्यालयाचा. शिक्का चुकीच्या कोपऱ्यात, लोगो जुना, यासाठी कागद परत पाठवले. ही ओळ मात्र तशीच मंजूर केली. नंतर विचारलं तर ‘तुमचं इंग्रजी सुधारा’. अहो, नेमकं काय सुधारायचं? फोन केला की फाइल दुसऱ्या टेबलावर. तुमच्या कॉमेंट शीटवरही कारण नसेल तर लेखी मागा, क्लॉज नंबरसकट. तो तुमचा हक्क आहे.

ती ओळ मी आता अशी लिहीन (स्टेनलेसला पिटिंग होतं ते पाण्यातल्या क्लोराइडने, म्हणून आकडा त्याचाच): ‘क्लोराइड इन द टेस्ट वॉटर शल नॉट एक्सीड ५० पीपीएम. द टेस्टिंग कॉन्ट्रॅक्टर शल ड्रेन द टँक इमिजिएटली आफ्टर द टेस्ट. द टेस्टिंग कॉन्ट्रॅक्टर शल ड्राय द टँक विथ ऑइल-फ्री एअर.’ शब्द शाळकरी आहेत, पण पळवाट नाही. (५० हा आकडा सर्रास दिसतो, तरी तुमच्या स्पेसिफिकेशनमधलाच घ्या. मी कोडचा तज्ज्ञ नाही, करारात लिहिलंय तेच अंतिम.)

वाचायचंच असेल तर एएसडी-एसटीई१०० मिळवा, ही सोप्या तांत्रिक इंग्रजीची नियमावली. विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी १९८० च्या दशकात युरोपात हे काम सुरू झालं. मागितलं की फुकट मिळतं. कृतीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, एका वाक्यात एकच सूचना, एका शब्दाला एकच अर्थ. मराठी माध्यमातल्या माणसाला हे व्याकरणाच्या जाड पुस्तकापेक्षा लवकर जमतं, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्यात ‘शल’ वापरत नाहीत. करारातल्या कागदात तुम्ही ते ठेवा.

आणि हो, टाकी भरण्याआधी पाण्याचा लॅब रिपोर्ट घ्या, त्यावर टाकीचा टॅग नंबर लिहून घ्या आणि प्रोसिजरला जोडा. आमच्याकडे तो नव्हता.