चांदीच्या रुपयावरचा रंग खरा की चढवलेला?

प्रश्न : १८८१ सालचा गोव्याचा ‘उमा रुपिया’ (पोर्तुगीज काळातला चांदीचा एक रुपया) विकायला आलाय. कडेला निळा-जांभळा रंग, मध्ये सोनेरी झाक. रंग नैसर्गिक आहे का, हे कसं ओळखावं? - एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी वजन करा. ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. झिजलेलं नाणं थोडं कमी भरेल.

हा रंग म्हणजे हवेतल्या गंधकामुळे चांदीवर धरलेला सल्फाइडचा पातळ थर. थर जाडावत जातो तसा रंग क्रमाने बदलतो: फिकट पिवळा, सोनेरी, किरमिजी, निळा, आणि फार जाड झाला की काळपट. गंधक बहुधा पाकिटाच्या कागदातून कडेकडून शिरतं, म्हणून कडेला निळा आणि मध्ये सोनेरी हे जुळतं. पण दोन्हींच्या मधे किरमिजी पट्टा दिसायलाच हवा. सोनेरीला खेटून एकदम निळा आला तर शंका घ्या.

मग एकाच दिव्याखाली दहापट भिंगातून नाणं हळूहळू फिरवा. खऱ्या रंगाखालून मूळ चमक फिरताना दिसते. चढवलेला रंग डागासारखा बसतो, अक्षरांच्या खाचांत साचतो. रंगाखाली बारीक समांतर ओरखडे असतील, तर नाणं आधी घासलंय. मग रंग कसाही असो, जास्त पैसे देऊ नका.

शुद्ध ॲसिटोनमध्ये दोन मिनिटं बुडवा, चोळू नका. सल्फाइड टिकतं, रंगवलेली शाई किंवा लाख सुटते. चिंच किंवा सोलं मात्र चुकूनही लावू नका!

पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलं तर हिरवा चिकट थर येतो. आपल्या पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच.