कार्बनचा समान कोटा: वाटणी ठीक, पण विक्री कधी आणि कोणाला?

तुमचं म्हणणं असं की प्रत्येकाला वर्षाचा सारखाच कार्बन कोटा, म्हणजे किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा त्याचा ठरलेला वाटा, द्यावा, पेट्रोल, वीज, गॅस घेताना तो कापला जावा, आणि ज्याचा उरेल त्याने जास्त लागणाऱ्याला विकावा. याहून न्याय्य काय असणार?

वाटणीपुरतं मला पटतं. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, मग ते स्कूटरचं असो की मोठ्या गाडीचं. रात्रभर एसी चालवणारा आणि पंख्याखाली झोपणारा यांना हवेत सारखाच हक्क मिळतो, ही गोष्ट लहान नाही. डेव्हिड फ्लेमिंग यांनी १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये हे मांडलं. २००६ ला तिथल्या पर्यावरणमंत्र्यांनी उचलून धरलं, आणि २००८ ला सरकारनेच खर्च आणि लोकांची नाराजी बघून बाजूला ठेवलं. आपल्याकडची २०२३ ची कार्बन क्रेडिट योजना कारखान्यांसाठी आहे, माणसांसाठी नाही.

माझी अडचण विक्रीच्या वेळेशी आहे. कोकणात हर्णैच्या बाजूला एका मच्छीमार सोसायटीचे हिशेब मी बरीच वर्षं लिहिले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च नेमका तेव्हाच येतो. खलाशी व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि नारळी पौर्णिमेनंतर मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो सांगेल त्या भावाने देतो. अशा घराच्या हातात वर्षाचा कोटा एकदम दिलात, तर तो जूनमध्येच उचलीच्या वहीत जमा होईल.

हे मी अंदाजाने बोलत नाही. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा आमच्या वाडीतल्या काही घरांची कार्डं दुकानदाराच्याच गल्ल्यात पडून असायची. उधारीपोटी. श्रावणात लाकडं ओली, चूल धुमसायची, आणि शेजारच्या काकी आपल्याच नावावरचं रॉकेल बाटलीभर, दुप्पट पैसे मोजून आणायच्या. कागदावर त्यांचा वाटा सगळ्यांइतकाच होता.

दुसरी गोष्ट डिझेलची. होडीचं डिझेल धंद्याचं धरा, म्हणजे मालक बाजारातून कोटा विकत घेईल. पण आपल्याकडे डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून मग उरलेल्याचे वाटे पडतात. म्हणजे कोट्याचे पैसे मालकाबरोबर खलाशाच्याही वाट्यातून जाणार. घरात तो जे वाचवेल ते समुद्रावर कापलं जाईल. यावर कोणी बोलतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मुंबईत राहून गावातलं घर फक्त गणपतीला उघडणाऱ्यांचा कोटा कुठल्या पत्त्यावर, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे: कोटा माणसाच्या नावाने, घराच्या नाही.

योजना मला हवी आहे. म्हणूनच कोटा दर महिन्याला जमा व्हावा, गेल्या महिन्यात उरलेलाच विकता यावा, आणि तो गहाण ठेवणं कायद्याने बाद असावं. खरेदीला सरकारी किमान भाव हवा, नाहीतर पावसाळ्यात भाव व्यापारीच ठरवेल. प्रौढ माणसाला आपला वाटा हवा तेव्हा विकू न देणं हा अन्याय आहे, असं कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. जूनमध्ये घरात पैसा नसताना झालेल्या विक्रीला मी मर्जीची विक्री म्हणत नाही. तुमच्या आराखड्यात कोटा कधी जमा होतो ते सांगा, मग भावाचं बोलू.