विचारा ताईला : काशीला जायचंय, पण हापूस सोडायचा नाहीये

प्रश्न : ताई, आमच्या घरी किती वर्षं नुसतं 'काशीस जावे नित्य वदावे' चाललंय. यंदा आईबाबांना खरंच न्यायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, आईला तिकडचं तेलकट खाणं सोसेल की नाही याची धास्ती, आणि खरं सांगू तर मला खायलाच जायचंय. कधी जाऊ, तीन दिवस पुरतील का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पुरतील, रोज दहा देवळांची यादी घेऊन फिरला नाहीत तर. भात कापून, झोडून झालं की निघा, म्हणजे आंब्याच्या फवारण्यांच्या आत परत येता. पावसाळ्यात नको, गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात आणि होड्या बंद. कार्तिकी पौर्णिमेला देवदिवाळी असते, दिसते अप्रतिम, पण गुडघेवाल्या माणसाने त्या गर्दीत जाऊ नये असं माझं मत. चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून महानगरी एक्स्प्रेस. फक्त महानगरी मध्यरात्रीनंतर सुटते, तेव्हा तिकिटावरची तारीख नीट बघा, आमच्या घरची सहा माणसं एकदा बरोब्बर चोवीस तास उशिरा स्टेशनवर बॅगा घेऊन हजर झाली होती!

बाबांना पायऱ्या चढवूच नका. पहाटे अस्सी घाटावरून होडी करा. घाट सगळे पश्चिम काठावर, सूर्य समोरच्या काठावरून उगवतो, त्यामुळे कोवळं ऊन थेट घाटांवर पडतं. आणि बाबांना सांगत राहा, हा अहिल्याबाईंचा घाट, (विश्वनाथाचं आजचं देऊळ पण त्यांनीच 1780 मध्ये बांधलं), मग दशाश्वमेध, मणिकर्णिका, तो स्मशानघाट, तिथे फोटो काढू नका, लोकांचं माणूस गेलेलं असतं, त्याच्या पुढे पाण्यात कललेलं रत्नेश्वराचं देऊळ, मग शिंद्यांचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट... आपलीच माणसं भेटल्यासारखं वाटतं. 1674 ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचेच आणि संत एकनाथांनी भागवत पुरं केलं तेही इथेच.

देवळात मोबाईल चालत नाही. बाहेरचे फुलवाले 'लॉकर फ्री' म्हणून बोलावतात, मी गेले आणि फ्री लॉकरपायी पाचशेचं पूजेचं ताट गळ्यात पडलं. मोबाईल सरळ रूमवर ठेवून जा. ई-रिक्षा गोदौलिया चौकापर्यंतच मिळेल, पुढे चालायचंय, बाबांची काठी घ्या.

आता खाणं. कचोरी-भाजी आणि जिलबी हा तिथला नाश्ता, तो सकाळीच खायचा, उन्हं चढली की मजा गेली. संध्याकाळी टमाटर चाट, टोमॅटो तव्यावर तुपात पार गाळ होईपर्यंत परततात आणि मातीच्या कुल्हडमध्ये देतात, वरून साखरेचा पाक आणि शेव, ऐकायला विचित्र आहे पण मी दोन खाल्ले. आणि मलइयो! आटवलेलं दूध थंडीच्या रात्री उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळून त्याचा नुसता फेस काढतात, केशर-वेलची घालून. चमचा तोंडात घातला की आहे-आहे म्हणेपर्यंत नाहीसा होतो, नंतर कुल्हडमध्ये तळाला केशरी दूध ओततात ते प्यायचं. थंडीतच मिळतो, तोही सकाळीच, म्हणून तर म्हटलं भातकापणीनंतर जा. आईसाठी घरून कोकमाच्या आगळाची छोटी बाटली न्या, कचोरीवर सोलकढीसारखा उपाय नाही (नारळ नसला तर नुसतं पाणी-मीठ घालून).

एक दुपार सारनाथला, दहाएक किलोमीटरवर आहे. आपल्या राजमुद्रेतले सिंह तिथल्या म्युझियममध्ये ठेवलेत, शुक्रवारी ते बंद असतं.

प्रश्न : काशीला गेलं की आवडतं फळ सोडावं लागतं म्हणे. मी देवगडची आहे, हापूस सोडू?
– एक वाचक, देवगड

उत्तर : छे! आमच्या आजीने काशीत पडवळ सोडलं. तिला ते आधीपासूनच आवडत नव्हतं. परत आल्यावर मावंदं, म्हणजे यात्रेनंतरचं जेवण, मात्र जोरात घातलं, आणि नंतर कोणी पडवळाची भाजी वाढायला आलं की मोठ्या समाधानाने म्हणायची, "नको गो, मी काशीत सोडलंय."