डान्स शूजचा तळ सटकतोय, नवीन घेऊ का?

प्रश्न: ताई, वॉल्ट्झ आणि चा-चा शिकतेय. आठ महिन्यांतच शूजचा सुएडचा तळ काळा चकचकीत झालाय, वळताना पाय सटकतो. शूज बदलू का?

उत्तर: अगं थांब, एवढ्यात नको! सुएड म्हणजे बारीक लव असलेलं चामडं, फ्लोअरवरची धूळ-मेण बसून ती लव चपटी होते आणि मग पकड जाते. छोटा तारेचा ब्रश घे आणि कोरड्या तळावर हलक्या हाताने फिरव, काळी भुकटी पडेल, तळ परत खरखरीत झाला की बास. रोज नको घासूस, दर वेळी थोडं चामडं जातंच. तळाला पाणी तर अजिबात नाही, आणि हे शूज घालून रस्त्यावर तर नाहीच, क्लासच्या बाथरूमलाही जायचं नाही (मी गेले होते, ओली फरशी, तळाचा पार लगदा).

घामट शूज प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेस तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. घरी आलीस की पेपरचे बोळे भरून पंख्याखाली ठेव, उन्हात नको, गोंद सुटतो. आणि टाचेची टोपी झिजून खिळा दिसायच्या आत चांभाराकडून बदलून घे, नाहीतर क्लासवाले ओरडतील, फ्लोअरवर चरे पडतात ना.