पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासांत ज्वारी-तूर : कृषी सल्ला

प्रश्न : आमच्या चार एकर कोरडवाहू शेतात फक्त कपाशी आणि सोयाबीन असते, पीठ, डाळ, तेल सारे विकत आणावे लागते. उपकेंद्रात सुनेचे रक्त कमी निघाले. घरच्यासाठी ज्वारी पुन्हा पेरावी काय? कपाशीचे नुकसान तर होणार नाही? (एक शेतकरी भगिनी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, ज्वारी अवश्य पेरावी, मात्र त्यासाठी कपाशी मोडण्याची गरज नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही अडचण एकट्या आपल्या घरची नाही. सुनेच्या लोहाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात, कारण नुसत्या भाकरीने रक्त भरून येत नाही. परंतु रेशनच्या तांदळापेक्षा ज्वारीत लोह आणि तंतुमय पदार्थ जास्त असतात आणि सोबत तुरीचे वरण, अंबाडीची भाजी व लिंबाची फोड असली तर ताटाचा कस नक्कीच वाढतो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशी ६:१:२:१ तासांची (ओळींची) शिफारस आपल्यासारख्या शेतकऱ्यांसाठीच आहे. दहा तासांपैकी सहा कपाशीचेच राहतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी उरलेले चार तास घरची भाकर, डाळ आणि बैलांचा कडबा देऊन जातात. ज्वारीवरील माव्याच्या (रस शोषणाऱ्या किडीच्या) मागे ढालकिडे येतात आणि ते कपाशीवरचा मावाही खातात, हा वरचा फायदा.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कपाशीतले गवत मारण्यासाठी वापरले जाणारे क्विझालोफॉप हे तणनाशक ज्वारीलाही मारते, कारण ज्वारी ही गवताच्याच कुळातली. म्हणून अशा शेतात डवरणी आणि निंदण यांना पर्याय नाही, आणि मजुरी किती महाग झाली आहे हे मी आपणास सांगायला नको. कपाशीवर कीटकनाशक फवारताना ते खाण्याच्या कणसांवर पडू देऊ नये. पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे नेऊ नये, उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी फार येते. पाखरे आणि रानडुकरे यांची राखण मात्र करावीच लागेल. शेजारच्या दोन-तीन शेतांतही ज्वारी असली तर हा त्रास वाटला जातो.

ज्वारी काळी पडते म्हणून लोकांनी ती सोडली, हे खरे आहे. त्यावर उपाय वेळेवर कापणीचा. कणसाच्या खालच्या भागातील दाणा काढून पाहावा. तो जिथे चिकटलेला असतो त्या टोकाला काळा ठिपका दिसला की दाणा भरला असे समजावे, आणि पावसाची चिन्हे असल्यास ताटे वाळण्याची वाट न पाहता कणसे खुडून छपराखाली पातळ पसरून वाळवावीत. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे, पण काळ्या दाण्याला तो मिळत नाही.

जनावरांना कोवळी किंवा पावसाच्या खंडात सुकलेली ज्वारी चारू नये. किराळ लागून, म्हणजे अशा ज्वारीतील विषाची बाधा होऊन, जनावर दगावते.