दुकानात संत्रं, घरी चंदन

प्रश्न : भावाच्या लग्नासाठी आम्ही दोघांनी नागपूरहून सेंटची बाटली आणली. दुकानदाराने कागदाच्या पट्टीवर मारून दाखवला, तेव्हा अगदी सोललेल्या संत्र्याचा वास होता. घरी लावला तर तासाभरात मोगरा झाला आणि संध्याकाळी चक्क लाकूड. सासूबाई म्हणाल्या, "देवघरात बसून आलीस का?" त्याच बाटलीतला जाऊबाईंच्या अंगावर मात्र रात्रीपर्यंत गोड येतो. माल डुप्लिकेट आहे का?
– एक भगिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नाही ताई, एवढ्यावरून डुप्लिकेट म्हणता येत नाही. बाटली परत न्यायला नागपूरचं भाडं खर्चू नका.

मी २६ वर्षं आठवडी बाजारांत अत्तराची पेटी घेऊन बसलो. एकदा एका गिऱ्हाइकाने पुढच्या बाजाराला येऊन शिशी माझ्यासमोर आपटली. "गुलाब म्हणून देल्ला, अन् घरी जाईस्तोवर चंदन झाला!" तो खोटं बोलत नव्हता. उत्तर प्रदेशातल्या कनौजचं जुन्या रीतीचं गुलाब अत्तर म्हणजे तांब्याच्या डेगेत फुलं उकळायची आणि त्यांची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ जमा होते त्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवायची. गुलाब उडाला की खाली चंदन उरणारच. (हल्ली चंदन परवडत नाही म्हणून पुष्कळ जण खाली पातळ पॅराफिन घेतात. तिथे गुलाब गेला की मागे काहीच राहत नाही. भांडायचं तर तिथे भांडावं.)

तुमच्या बाटलीचंही तसंच. सगळे वास एकत्रच मिसळलेले असतात, फक्त अंगावरून उठून जायची प्रत्येकाची वेळ वेगळी. संत्र्याची साल डोळ्यांसमोर दाबून पाहा (डोळे मिटून बरं!). फवारा उडतो, घर दरवळतं आणि थोड्याच वेळात सगळं गायब. ते तेल हलकं. मोगरा, गुलाब त्याहून दमदार. चंदन आणि वाळा म्हणजे पंगत उठली तरी पाटावर बसून राहणारे पाहुणे. कुलरची मागल्या वर्षीची वाळ्याची ताटी माळ्यावरून काढून पाणी मारलं, की वास येतोच ना? पॅरिसच्या गेर्लेन कंपनीने १९२५ मध्ये काढलेलं 'शालिमार' अजून खपतं. त्यातही आधी बर्गामॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास येतो आणि शेवटी व्हॅनिला उरतो.

त्यात आपला उन्हाळा! ४५ अंशांत दुकानातून बसस्थानकावर जाईपर्यंतच संत्रं संपतं. हिवाळ्यात तीच बाटली सावकाश उलगडेल.

जाऊबाईंचं म्हणाल, तर त्यांची कातडी बहुतेक तेलकट असेल. कोरड्या अंगावर वास टिकत नाही. आंघोळीनंतर हाताला खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवा आणि मग लावा, फरक दिसेल. कागदाच्या पट्टीला ना ऊब ना तेल, म्हणून दुकानातल्या पट्टीवर मी कधीच भरवसा ठेवला नाही. मनगटावर लावायचा, बाजार करायचा, दोन तासांनी हुंगायचं, मग पैसे काढायचे. एका खेपेला दोनच वास पाहावेत. तिसऱ्याला नाक ऐकत नाही.

नाकाची आणखी एक खोड. जो वास सतत येतो तो त्याला कळेनासा होतो. गोठ्यात वावरणाऱ्याला शेणाचा वास कुठे जाणवतो? तुम्हाला "उडाला" वाटतो आणि सासूबाईंना ओसरीवरून येतो, म्हणून पुन्हापुन्हा मारू नका. मनगटं घासू नका, उबेने वरचा हलका वास लवकर जातो. घासल्याने अत्तर "मरतं" वगैरे बाजारातल्या गप्पा.

लग्न उन्हाळ्यात असेल तर एक जपा. असा लिंबू-बर्गामॉटचा सेंट गळ्याला लावून भर उन्हात वरातीत फिरलं, तर काहींच्या कातडीवर काळे डाग पडतात. पदराच्या आतल्या बाजूला मारा. पण पांढऱ्या किंवा रेशमी कापडावर आधी कोपऱ्यात बघून घ्या. तेलाचं अत्तर असेल तर कापडावर नकोच, कानातल्या फायालाच (कापसाच्या बोळ्यालाच) बरं.

आणि घर टिनाचं असेल तर बाटली खिडकीत ठेवू नका. आलमारीत खालच्या कप्प्यात, कपड्यांच्या घडीमागे, झाकण घट्ट लावून ठेवा. ऊन आणि उष्णता लागली की त्यातलं संत्रं आधी बिघडतं.