पेटीची किल्ली आधी द्या

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के पडले. जेईईचा क्लास लावलाय, दोन वर्षांची फी एकदम भरलीय. पण घरी आला की मोबाइलवर जगभरच्या चित्रविचित्र वस्तू बघत बसतो आणि स्वतःही तसलंच काहीतरी करत राहतो. चांगल्या कपाचा कान तोडून एम-सीलने आतल्या बाजूला बसवला. जुन्या चपलेच्या तळाला उलटं पाऊल कोरलं, चिखलातून चालला की माणूस मागे गेल्यासारखं दिसतं. आजीला गुडघ्यामुळे वाकता येत नाही, तर तिच्या काठीच्या टोकाला स्पीकरमधलं लोहचुंबक लावलं, अडकित्ता पडला तर उचलायला. कपाचा व्हिडिओ टाकला, त्यावर हजारो लोक हसले. आता म्हणतो, डिझाइनलाच जाणार. चित्रकला म्हणाल तर इंटरमिजिएटला सी ग्रेड. माझं कुपवाड एमआयडीसीत दोन लेथचं वर्कशॉप आहे. मी बारावी नापास, पण कामापुरतं डोकं चालतं. लेथवर बारीक बुश (पोकळ नळीसारखा भाग) धरायला बाजारातला जॉ, म्हणजे पकडणारा जबडा, चालेना, तेव्हा मी एक पकड बनवली. शेजारचे चार वर्कशॉपवाले ती मागून नेतात. पण माझे हात काळे झाले तसे त्याचे होऊ नयेत. त्याच्या हत्यारांची पेटी कपाटात कुलूप लावून ठेवलीय, जेईईनंतरच मिळेल असं सांगितलंय. या नादातून त्याला बाहेर कसं काढावं? आणि या लाइनला स्कोप आहे का?
— एक वडील, सांगली

उत्तर : टक्के, क्लास, फी हे नेहमीचंच. मी थांबले ती कुलपापाशी.

सोळा वर्षांच्या मुलाकडून पक्कड, पाने आणि सोल्डरिंग गन काढून घ्यायची आणि दीड वर्षाने मिळेल म्हणायचं, ही शिक्षा झाली. गुन्हा कोणता, ते मला पत्रात सापडलं नाही. मोबाइल मात्र त्याच्याकडेच आहे, हे तुमच्या ध्यानात आलंय का? म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं बघत बसायला मोकळीक आणि स्वतः करायला बंदी. उलटं केलं असतंत तर मी एक वेळ समजून घेतलं असतं.

काळ्या हातांबद्दल. हे वाक्य माझ्याकडे येणारे वडील वेगवेगळ्या शब्दांत बोलतात. कुणाला मुलाच्या हाताला माती लागायला नको असते, कुणाला स्टिअरिंग नको असतं. त्यामागे किती वर्षांची दमणूक आहे ते कळतं मला, आणि त्यावर तुम्हाला चार गोष्टी सुनावण्याचा अधिकार मला नाही. पण घरात हे सतत ऐकणाऱ्या मुलाला काय ऐकू येतं? माझा बाप करतो ते हलकं काम आहे, हे. त्याला ते पटत नसावं, असा माझा अंदाज आहे. कारण तुम्ही जाता जाता त्या पकडीबद्दल दोन ओळी लिहिल्यात. बाजारातली वस्तू चालेना म्हणून अडचण नीट बघितलीत, स्वतः एक वस्तू घडवलीत आणि ती इतकी जमली की शेजारी मागून नेतात. तुम्ही त्याला ‘कामापुरतं डोकं’ म्हणता. अहो, ह्यालाच डिझाइन म्हणतात. तुमच्या मुलाला हा नाद मोबाइलने लावलेला नाही. तो घरातून आलाय, आणि तुम्ही त्याला बाहेरचा रोग समजून औषध विचारताय.

दुसरं म्हणजे, तुम्ही तिन्ही वस्तू एकाच माळेत ओवल्यात. कप आणि चप्पल या गमती आहेत. काठी गंमत नाही. आजींना वाकता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण अडकित्ता पडल्यावर त्यांना दर वेळी कुणालातरी हाक मारावी लागते, हे त्याने हेरलं. अमेरिकेत सॅम फार्बर नावाचे एक गृहस्थ होते, भांडीकुंडी आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या धंद्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीच्या, बेट्सींच्या, बोटांचे सांधे दुखायचे, त्यामुळे साल काढायचं साधं सोलाणंही हातात नीट धरता येईना. फार्बरनी न्यूयॉर्कमधल्या डिझायनरांना गाठलं आणि जाड, मऊ रबरी मुठीचं सोलाणं करवून घेतलं. अंगठा आणि बोट टेकतं तिथे दबणाऱ्या रबराच्या बारीक पट्ट्या, सायकलच्या हँडलच्या रबरासारख्या. १९९० साली ते बाजारात आलं, आणि सांधे ठणठणीत असलेल्यांनीही उचललं, कारण ओल्या हाताने धरायला ते सगळ्यांनाच सोपं होतं. आज ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. सुरुवात कुठून, तर घरातल्या एका माणसाच्या दुखऱ्या बोटांपासून.

मुलाला डोक्यावर बसवण्यासाठी हे सांगत नाहीये. त्यालाही माझे प्रश्न आहेत आणि ते त्याला वाचून दाखवा. ते चुंबक लोखंडी फाटकाला किंवा जिन्याच्या ग्रिलला चिकटलं आणि काठी हातातून सुटली तर आजी पडतील, याचा विचार केला होतास का? चुंबक लावल्यावर टोकाचं रबरी बूच कुठे गेलं, ओल्या फरशीवर काठी सरकते का? स्टीलची वाटी बहुतेक चिकटणार नाही, मग ती पडली तर काय? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आजी ते खरंच वापरतात, की नातवाने केलंय म्हणून कौतुकाने मिरवतात? या प्रश्नांची उत्तरं शोधायला काठी चार वेळा खोलावी लागेल, चार वेळा जोडावी लागेल. त्याला पेटी लागते. म्हणून मी किल्ली मागतेय.

आता सी ग्रेडबद्दल. आपल्याकडे डिझाइन म्हणजे चित्रकला हा समज घट्ट बसलाय आणि त्याचं मूळ बहुधा याच ग्रेडच्या परीक्षांत आहे. तिथे संकल्पचित्राचा पेपर असतो, आखून दिलेल्या आकारात वेलबुट्टी बसवायची आणि रंग बाहेर जाऊ द्यायचा नाही. पुढे आपण साडीचं डिझाइन म्हणतो, रांगोळीचं डिझाइन म्हणतो, आणि शब्द तिथेच अडकून पडतो : आधी वस्तू, मग तिच्यावर वरून काढायची नक्षी. तुमच्या घरातलं पोळपाट उलटं करून बघा. तीन पाय असतील. चार पायांचं पोळपाट खडबडीत ओट्यावर डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कुठल्याही उंचसखल जागी एकदमच टेकतात. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याला फूल काढता येत होतं की नाही, कुणाला ठाऊक! १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे फिरलं आणि त्यांनी एक अहवाल दिला. त्यात देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत वर ठेवला तो साधा लोटा. नक्षीसाठी नव्हे. त्यांनी प्रश्न विचारले : पाणी किती मावावं, भरलेला आणि रिकामा तोलायला कसा, कमरेवर बसतो कसा, धार कशी पडते, घासायला सोपा का, किंमत किती. एवढे प्रश्न एका लोट्याला! त्या अहवालातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, १९६१ मध्ये उभी राहिली. तुमच्या मुलाला समोरच्याला समजेल इतपत रेखाटता आलं पाहिजे, हे खरं. ते सरावाने येतं. त्या पकडीचं तुम्ही पुठ्ठ्यावर आधी काही खरडलं असेल ना? तेवढ्यापासून सुरुवात होते.

लोक हसले, याचा तुम्हाला त्रास झालाय. मुलाला त्याचाच आनंद झालाय. दोघंही जरा घाई करताय. हसवणाऱ्या वस्तूंची एक जुनी आणि चांगली परंपरा आहे. जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी अशा वस्तूंना ‘चिंदोगु’ असं नाव दिलं, साधारण अर्थ ‘विचित्र अवजार’. परागकणांच्या ॲलर्जीने नाक सतत गळतं म्हणून डोक्यावर टॉयलेट पेपरची गुंडाळी, रांगणाऱ्या बाळाच्या कपड्यांना फरशी पुसायच्या झालरी. त्यांचे दहा नियम आहेत. वस्तू खरोखर बनवलेली हवी, नुसती कल्पना चालणार नाही, पण ती नेहमीच्या वापरात येता कामा नये. विकायची नाही, पेटंट घ्यायचं नाही, आणि नुसतं हसवणं हा एकच हेतू असून चालत नाही, आधी कुठलीतरी खरी अडचण सोडवायचा प्रयत्न हवा. त्यांच्या १९९५ च्या संग्रहात स्वतःचाच फोटो काढायला कॅमेरा लावायची लांब दांडी होती. तेव्हा लोकांनी तीही हसण्यावारी नेली. आज गणपतीच्या मिरवणुकीत तिच्यापासून डोळे वाचवत चालावं लागतं.

अथेन्सच्या कातेरिना कांप्रानी या आर्किटेक्टबाई तर मुद्दाम गैरसोयीच्या वस्तू करतात. झारीची तोटी झारीकडेच वळलेली, काट्याची दांडी साखळीची. तुमच्या मुलाचा आतल्या कानाचा कप त्यांच्याच गोत्रातला. वस्तू नेमकी कुठे बिघडवली की ती दिसायला जवळजवळ बरोबर आणि वापरायला अशक्य होते, हे कळायला ती चालते कशी ते आधी पुरतं कळावं लागतं. तेव्हा कप वाया गेला असं मी म्हणणार नाही. (कप चांगला होता, हे मान्य. पुढच्या वेळी जुना घे म्हणावं.) पण हजारो लोकांच्या हसण्यावर करिअर उभं राहत नाही, हे मुलाला मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. व्हिडिओ बघणारा कप हातात धरत नाही. आजी काठी धरतात.

परीक्षांचं थोडक्यात. आयआयटी मुंबई यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा घेते. तिच्यावरून पवईच्या आयडीसीसह (आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग) काही आयआयटींत बी. डिझाइनला प्रवेश मिळतो, त्याला जेईई लागत नाही, बारावीची शाखा बऱ्याच ठिकाणी कुठलीही चालते. एनआयडीची वेगळी परीक्षा असते, तिच्या दुसऱ्या फेरीत साहित्य समोर ठेवून हाताने काहीतरी घडवायला लावतात. आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं तरी नंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, म्हणजे क्लासची फी पाण्यात गेली असं समजू नका.

हे वाचून तुम्ही काय कराल याची मला धास्ती आहे. ‘आयआयटी’ हा शब्द दिसला की सोमवारी यूसीडचा क्लास शोधाल. पेटी कुलपातच राहील आणि मुलगा आता घड्याळ लावून ‘कल्पकते’चे सराव पेपर सोडवेल. कृपा करून तसं करू नका.

स्कोप आहे. फ्रिज, मिक्सर, दवाखान्यातली उपकरणं, दुचाकी, मोबाइलमधले स्क्रीन, बँकेचा फॉर्म, या सगळ्यांवर डिझायनर काम करतात. पण सगळ्यांनाच पहिल्या दिवसापासून भला पगार मिळत नाही, आणि गल्लोगल्ली निघालेल्या खासगी डिझाइन कॉलेजांची फी ऐकून तुम्हाला लेथ विकावासा वाटेल. चकचकीत इमारत दाखवणाऱ्या कॉलेजात गेलात तर एकच गोष्ट विचारा : वर्कशॉप कुठे आहे आणि मुलांना ते रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं? उत्तर देताना समोरचा अडखळला तर चहा पिऊन परत या.

तुमचा प्रश्न ‘बाहेर कसं काढावं’ असा होता. त्याचं उत्तर मी देणार नाही. त्याऐवजी आज रात्री पेटी काढून द्या, काही न बोलता. जेईईचा अभ्यास चालू राहू दे, गणित-भौतिकशास्त्र त्याला कुठेही गेला तरी लागणार आहे. आणि रविवारी सकाळी त्याला वर्कशॉपवर घेऊन जा. हात काळे होतील, साबण आहे. तुमच्या माणसांना दिवसभर कशाचा त्रास होतो ते त्याला नुसतं बघू दे. चकचा पाना प्रत्येक वेळी सापडत नाही, पाठ दुखते, लोखंडाच्या कचऱ्यात बोट कापतं, काहीही. त्यातली एक अडचण त्याने निवडायची आणि दिवाळीपर्यंत तिच्यावर काम करायचं. व्हिडिओ न टाकता. तुमच्या कामगारांनी ती वस्तू महिनाभर स्वतःहून वापरली, तर डिझाइनचा विचार पक्का करा. तो मधेच कंटाळला, तरी काहीतरी कळलेलं असेल, आणि एकाही परीक्षेची फी न भरता.

पुढचं पत्र मात्र त्याने लिहावं. तुमचं मी वाचलं.

ता. क. – त्या बुशच्या पकडीचा फोटो पाठवा. चार वर्कशॉपवाले मागून नेतात म्हणालात, ते ती परत करतात का?